शून्य ते तीन

मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसून मी चार दिवसांचं दुखणं एका दमात लिहून काढलं. रोजच्या दुखण्याला शून्य ते तीन यांतला एक आकडा द्यायची माझी वही उघडली, तर शुक्रवारपासूनच्या ओळी रिकाम्या. माझ्या आधी दोनच जणी होत्या. मग आठवून आठवून शुक्रवारी २, शनिवारी २, रविवारी १, सोमवारी १ असं भरलं आणि वही मिटली. मिटता मिटता दिसलं, चारही आकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने, एकाच दाबाने उमटलेत. सोळा वर्षं मी हिशेब तपासायचं काम करते. अशी व्हाउचरं समोर आली की मी ती बाजूला काढते आणि विचारते, "ही त्या त्या दिवशी लिहिलीत की आज?"

मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी पान पाहिलं, मान डोलावली. घरी येईपर्यंत मला चैन पडेना, कारण ती वही मी डॉक्टरांसाठी ठेवतच नव्हते. मीच ठरवलं होतं ठेवायचं.

मला एंडोमेट्रिऑसिस आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात इथे तिथे रुजते आणि दर महिन्याला संप्रेरकांच्या तालावर सुजते, रक्ताळते. पाळीत आडवं पडायची वेळ चौदाव्या वर्षी आली, नाव कळलं एकतिसाव्या वर्षी, लॅप्रोस्कोपीनंतर, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहिल्यावर. मधल्या सतरा वर्षांत "पाळीत दुखतंच गं" हे वाक्य किती जणींनी आणि किती डॉक्टरांनी ऐकवलं, ते मोजायचं मी सोडून दिलं. या वर्षी डॉक्टरांनी एलागोलिक्स नावाची गोळी सुचवली, १५० मिलिग्रॅम, रोज एक. मी विचारलं, "याने दुखणं थांबतं हे कुणी, कसं तपासलं?" त्यांनी न चिडता २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या दोन चाचण्यांचा लेख काढून दिला. तो मी तीन रात्री वाचला. ताळेबंद वाचते तसा, तळटीपांपासून.

आधी हे औषध करतं काय, ते सांगते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक निघतं, दहा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. १९७१ मध्ये तिची रचना उलगडली आणि त्यासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. हे संप्रेरक पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीला निरोप देतं, पिट्यूटरी अंडाशयाला, आणि अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं. या इस्ट्रोजेनवर ती चुकीच्या जागी रुजलेली ऊती पोसली जाते. गंमत अशी की निरोप थांबून थांबून, साधारण तासा-दीड तासाने एकदा, असा आला तरच पिट्यूटरी ऐकते. अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर दाखवलं की तेच संप्रेरक सलग देत राहिलं तर पिट्यूटरी गप्प होते. ल्यूप्रोलाइडची इंजेक्शनं याच युक्तीवर चालतात. मला ती आधी दिली होती. पण गप्प होण्याआधी पिट्यूटरी जोरात बोलून घेते, त्यामुळे पहिले दोन आठवडे माझं दुखणं उलट वाढलं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दोन आठवड्यांत मी औषधावरचा विश्वास जवळजवळ गमावला होता. एलागोलिक्स वेगळं आहे. ते निरोप पोचायची जागाच अडवून बसतं, त्यामुळे आधी भडका उडत नाही.

म्हणजे इस्ट्रोजेन कमी झालं हे रक्त तपासून दाखवता येतं. पण माझा प्रश्न इस्ट्रोजेनचा नव्हता, दुखण्याचा होता. आणि दुखणं रक्तात सापडत नाही.

प्राण्यांवरून अंदाज करावा तर त्यातही फसगत झालेली आहे. सबस्टन्स पी नावाचं एक रसायन वेदनेचा निरोप पुढे नेतं. ते अडवणारी औषधं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर छान चालली, म्हणून कंपन्यांनी मोठ्या आशेने ती माणसांना देऊन पाहिली. माणसांचं दुखणं काही हललं नाही. त्याच कुळातलं अ‍ॅप्रेपिटंट पुढे केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी उपयोगी पडलं. उंदराने पंजा किती वेळाने उचलला ते घड्याळ लावून मोजता येतं. पण सकाळी उठल्यावर उभं राहता येईल की नाही या विचाराने रात्रीच पोटात गोळा येतो, तो उंदराच्या पंजात कुठून दिसणार? म्हणून शेवटी माणसालाच विचारावं लागतं, आणि माणसाने सांगितलेलंच धरावं लागतं. कितीही मोठी चाचणी असो, तळाशी एक बाई रात्री बसून एक आकडा लिहीत असते.

या चाचण्यांत बायकांनी रोज इलेक्ट्रॉनिक डायरीत दुखण्याला शून्य ते तीन यांपैकी एक आकडा दिला. शून्य म्हणजे दुखणं नाही. एक म्हणजे जाणवतं, पण कामं सहज होतात. दोन म्हणजे कामं करताना जड जातं. तीन म्हणजे कामं होतच नाहीत. पाळीतलं दुखणं वेगळं आणि पाळी नसतानाचं वेगळं मोजलं. शिवाय वेदनाशामक किती घेतलं तेही नोंदवलं. कारण उघड आहे: दिवसात तीन वेदनाशामकं घेऊन जर मी १ लिहिलं, तर तो १ गोळीचा नाही, वेदनाशामकाचा आहे. म्हणून आकडा पुरेसा खाली आला आणि वेदनाशामकांचा वापर वाढला नाही, तरच त्या बाईला आराम पडला असं धरलं. हा नियम वाचला तेव्हा मला हायसं वाटलं. कर्ज काढून वाढवलेली शिल्लक नफ्यात धरायची नाही, हे कुणीतरी पाहिलं होतं.

पण "पुरेसा खाली" म्हणजे किती? इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. पहिल्या चाचणीत पाळीच्या दुखण्यासाठी ही रेषा ०.८१ होती आणि इतर दिवसांच्या दुखण्यासाठी ०.३६. मला वाटलं, ०.३६? तीनपैकी? याला आराम म्हणायचं? मग पद्धत वाचली. रेषा संशोधकांनी मनाने ओढलेली नव्हती. बायकांना वेगळं विचारलं होतं, एकूण तुम्हाला आधीपेक्षा बरं वाटतं का, किती वाटतं; आणि ज्या "बऱ्यापैकी बरं" म्हणाल्या त्यांचे आकडे किती उतरलेत ते पाहून रेषा काढली होती. म्हणजे मोजपट्टीसुद्धा त्यांनाच विचारून बनवलेली.

माझी वही मी याच धर्तीवर आखली. रात्री नऊचा गजर. चार रकाने: पाळी आहे की नाही, आकडा, वेदनाशामकं किती, शेरा. गोळी सुरू करायच्या आधीचा एक पूर्ण महिना मी तशीच ठेवली, तुलनेला काहीतरी हवं म्हणून. आणि तरी तिसऱ्या महिन्यात ते चार दिवस मागाहून भरले.

वेटिंग रूममधल्या त्या प्रकारानंतर मी शोधत गेले, तर २००२ चा एक अभ्यास सापडला, आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा. सतत दुखणं असलेल्या ८० जणांपैकी काहींना कागदी डायरी दिली आणि काहींना इलेक्ट्रॉनिक. कागदी डायरीत, लिहिणाऱ्यांना न सांगता, प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता, म्हणजे डायरी कधी उघडली ते कळत होतं. लोकांनी भरून दिलेल्या नोंदींप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. सेन्सरप्रमाणे खऱ्या वेळेवर होत्या ११ टक्के. जवळपास एकतृतीयांश दिवस असे होते की डायरी उघडलीच गेली नव्हती, तरीही त्या दिवसांच्या ओळी भरलेल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक डायरीत, जिथे वेळ टळली की नोंद करताच येत नव्हती, ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या.

मला त्या लोकांचा राग आला नाही. दुखणाऱ्या माणसाला संध्याकाळी वहीसुद्धा जड होते, हे मला ठाऊक आहे. आणि कुणी फसवायला असं लिहीत नाही; मागचं आठवून लिहिताना आपण त्या दिवसाचं नाही, आजचं दुखणं लिहितो. त्या मंगळवारी वेटिंग रूममध्ये मला बरं वाटत होतं. म्हणून रविवार-सोमवार १ झाले. ताईने नंतर आठवण करून दिली, रविवारी मी तिच्या फोनवर धड दोन वाक्यंही बोलू शकले नव्हते. म्हणजे तो २ होता, कदाचित ३. ते चारही दिवस मी वहीत तांबड्या पेनाने खोडले आणि शेऱ्यात लिहिलं: "नोंद नाही". दुसऱ्या दिवसापासून फोनवर लिहायला लागले. मध्यरात्रीनंतर मागचा दिवस मी उघडत नाही.

शेऱ्याचा रकाना मी वाढवलाय. शून्य ते तीन यात माझं दुखणं बसतं, पण गप्प बसतं. आईने मला दुखण्याची भाषा दिली. ती कपाळावर हात ठेवून विचारायची, "कळ येतेय की ठणकतंय?" कळ येते आणि जाते. ठणका एका जागी नाडीसारखा वाजत राहतो. ठसठस त्याहून मंद, पण दिवसभर. सणक वर जाते, माझी उजव्या मांडीतून गुडघ्यापर्यंत. पेटका येतो, रग लागते, कंबर धरते, ओटीपोट जड होतं, आणि लघवीच्या वेळी जी होते तिला भगभग म्हणतात. १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल प्रश्नावली केली तेव्हा दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावले होते, हे वाचून मला आईची आठवण झाली. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत एवढे शब्द घेऊन बेरीज करणं अवघड, हे मला कळतं. पण माझ्या वहीत जागा आहे. आणि गोळीने आधी काय गेलं ते मला शब्दांमुळेच कळलं: कळा कमी झाल्या. ठसठस राहिली.

आता चाचणीचे आकडे. पहिल्या चाचणीत ८७२ बायका होत्या. तीन महिन्यांनी पाळीच्या दुखण्यात आराम पडला तो असा: माझ्या मात्रेवर, म्हणजे रोज १५० मिलिग्रॅमवर, ४६.४ टक्के. दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ७५.८ टक्के. आणि प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीवर, १९.६ टक्के. दुसऱ्या चाचणीतही चित्र असंच होतं. हे वाचून मी खूश झाले. मग पुढची ओळ वाचली, पाळी नसतानाच्या दुखण्याची. १५० वर ५०.४ टक्के, मोठ्या मात्रेवर ५४.५, आणि प्लासिबोवर ३६.५.

३६.५! दर तिघींपैकी एकीपेक्षा जास्त. नुसत्या गोळीने.

नवरा म्हणाला, "म्हणजे त्यांचं दुखणं मनाचंच होतं?" तो वाईट हेतूने म्हणाला नाही, पण हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकलंय, म्हणून त्याला बसवून सांगितलं. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या लोकांना प्लासिबो दिला. ज्यांना त्याने आराम पडला त्यांना नंतर नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे अफूसारख्या औषधांचा परिणाम पुसणारं औषध. त्यांचं दुखणं परत वाढलं. याचा अर्थ शरीराने स्वतःचं वेदनाशामक सोडलेलं होतं आणि ते नॅलॉक्सोनने अडवलं. तो आराम खोटा नव्हता. शिवाय माणूस चाचणीत नाव घालतो ते दुखणं अगदी टोकाला असतं तेव्हा. टोकावरून ते आपोआपही थोडं खाली येतंच. आणि रोज कुणीतरी विचारतंय, ऐकतंय, लिहून घेतंय, याचाही गुण असतो. माझ्या गोळीआधीच्या महिन्यात, नुसती वही ठेवत असताना, शेवटच्या आठवड्याचे आकडे पहिल्यापेक्षा कमी आहेत. मी काहीच घेत नव्हते.

म्हणूनच तुलनेचा गट हवा, आणि कोण काय घेतंय हे कुणालाच कळता कामा नये, ना बाईला, ना डॉक्टरांना. पण संप्रेरकांच्या औषधात हा पडदा फार पातळ असतो, आणि ते मला एका रात्री कळलं. दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. सव्वातीनला जाग आली ती छातीतून वर चढणाऱ्या धगीने. मान, कान, टाळू. पाठीवरून घामाचे ओघळ, आणि दोन मिनिटांत तोच घाम गार पडून कुडकुडायला झालं. पांघरूण फेकलं, परत ओढलं. मी चौतीस वर्षांची, आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बाईसारखी बसले होते. आणि त्या ओल्या अंगाने पहिला विचार काय आला? औषध लागू पडतंय.

मी चाचणीत नव्हते, मला माहीतच होतं की गोळी खरी आहे. पण जी चाचणीत होती तिला? या चाचण्या मिळून गरम वाफा आणि रात्रीचा घाम मोठ्या मात्रेवर ४६ टक्के बायकांना आला, १५० वर २४ टक्के, प्लासिबोवर ९ टक्के. पाळी थांबणं हीही खूणच. अशी रात्र झाल्यावर ती मनात म्हणणार, मला खरी गोळी मिळालीय, आणि नऊच्या गजराला २ लिहायचा तिथे १ लिहिणार. जिला काहीच झालं नाही ती उलट खट्टू होऊन २ लिहिणार. मला वाटतं, अशा प्रत्येक चाचणीत शेवटी बायकांना विचारायला हवं, तुम्हाला काय वाटतं, कुठली गोळी मिळाली? आणि ती उत्तरं निकालाच्या शेजारी छापायला हवीत. माझ्या कामात आम्ही हे करतो: शंका असेल तर आकडा बदलत नाही, शंका शेजारी लिहितो.

तरी पाळीच्या दुखण्यातला फरक, १९.६ आणि ७५.८ यांतला, नुसत्या अंदाजाने भरून निघेल एवढा लहान नाही. पाळीच थांबली तर पाळीचं दुखणं थांबणार, त्याला कारण आहे. इतर दिवसांचं दुखणं मात्र एकट्या इस्ट्रोजेनचं नसतं. चिकटलेली आतडी, आखडलेले ओटीपोटाचे स्नायू, आणि वर्षानुवर्षं तोच निरोप ऐकून तापट झालेल्या नसा, हे सगळं त्यात असतं, आणि यातलं काही इस्ट्रोजेन उतरलं म्हणून लगेच मिटत नाही. रेलुगोलिक्स या त्याच कुळातल्या दुसऱ्या गोळीच्या चाचण्यांतही हेच दिसतं. २०२२ मध्ये छापलेल्या त्या दोनपैकी पहिल्या चाचणीत पाळीच्या दुखण्यात आराम गोळीवर ७५, प्लासिबोवर २७ टक्के, इतर दुखण्यात ५८ आणि ४०. त्या गोळीत थोडं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनच, आणि नॉरएथिस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक घातलेलं असतं, हाडं झिजू नयेत आणि वाफा कमी याव्यात म्हणून. एलागोलिक्सच्या मोठ्या मात्रेवर सहा महिन्यांत मणक्याच्या हाडांची घनता अडीच टक्क्यांच्या आसपास उतरली होती. ती मात्रा सहा महिन्यांपेक्षा जास्त देत नाहीत. डॉक्टरांनी मला लहान मात्रा का दिली ते तो तक्ता पाहून कळलं. कमी आराम, पण जास्त दिवस.

तर माझा हिशेब. गोळीआधीचा महिना: पाळीच्या दिवसांची सरासरी २.४, इतर दिवसांची १.१, वेदनाशामकं १४. तिसरा महिना, खोडलेले चार दिवस सोडून: १.२, ०.८, आणि ५. पाळीच्या रकान्यात मी रेषेच्या पलीकडे गेले. इतर दिवसांच्या रकान्यात ०.३ उतरलं. रेषा ०.३६ची. चाचणीत असते तर तिथे माझं नाव आराम न पडलेल्यांत लागलं असतं.

परवा डॉक्टरांना तांबड्या पेनाचं पान दाखवलं आणि ते चार दिवस मागाहून भरले होते हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. आता आकडे बाजूला ठेवा. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, गेल्या गुरुवारी मी एका ऑफिसात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसून काम केलं आणि मध्ये एकदाही बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले नाही. हे कुठल्या रकान्यात लिहू? त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य माझ्या कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि गोळी अजून तीन महिने चालू ठेवली. स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुरू केली, ती ठसठशीसाठी. ती सुरू झाल्याची तारीख मी ठळक लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढे आकडा उतरला तर श्रेय एकट्या गोळीच्या नावावर जाणार नाही.

आत्ता नऊ वाजून चार मिनिटं झालीत. आजची नोंद: पाळी नाही. दुखणं १. वेदनाशामक ०. शेरा: उजवीकडे ठसठस, दुपारी चारपर्यंत. सणक नाही. पहाटे एक वाफ, मोठी.